पहिल्या गाडीतली जागा

मिमोझमावशीनं बहिणीच्या मयताची तालीम बहिणीच्याच स्वयंपाकघरात घेतली. टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्यांची रांग लावली, फ्रिजला शवपेटी मानलं, आणि पदर नसताना पदर खोचल्याच्या आवेशात ती म्हणाली,

"हे बघा, आधी मी पडणार. सख्खी बहीण आहे मी. माझ्यामागून या दोघी. मग विस्लीन. सगळ्या एकदम पडू नका गं, कॅमेऱ्यात मावत नाही."

या दोघी म्हणजे ब्रॉक्टनहून आलेल्या चुलत बहिणी. गेलेल्या एल्मोनीझला आपण शेवटचं कधी भेटलो हे त्यांना आठवत नव्हतं, पण तिच्यासाठी कोसळायला त्या तयार होत्या. एकीनं विचारलं, "विग काढून ठेवू की घालून पडू?"

"घालून. उडाला तर उडू दे. उलट बरं दिसतं."

विस्लीन ओट्याशी पाठ करून आल्याचा चहा गाळत होती. तिनं गाळणं जरा जोरातच आपटलं.

मयताला झटका येणं ही हैतीच्या माणसांची जुनी रीत. जीव कळवळला की बाई उभ्या जागी कोसळते, हातपाय झाडते, गेलेल्याला नावानं हाका मारते, 'मला कुणाच्या भरवशावर टाकलंस' म्हणून भांडते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. देवानं दुःख दिलं, तशी ते बाहेर पडायला वाटही दिली. पण मिमोझसारख्यांनी त्या वाटेवर टोलनाका बसवला. कुणाच्या मयताला किती बाया पडल्या, कुणाला धरायला किती माणसं लागली, यावर घराण्याची पत ठरायला लागली. आता तर सगळ्याची फिल्म निघे आणि हैतीतल्या गावी, जेरेमीला, धाडली जाई. तिथे अख्खी गल्ली ती बघे, नावं ठेवायला आणि घ्यायला.

"मावशी," विस्लीन वळून म्हणाली, "मला नाही येत पडायला."

"येत नाही म्हणजे? त्याला काय कॉलेजात जावं लागतं?"

"रडू आलं तर रडेन. नाही आलं तर उभी राहीन."

"उभी राहशील!" मिमोझनं दोघींकडे बघत कपाळावर हात मारला. "ऐकलंत? खांबासारखी उभी राहणार ही. आणि जेरेमीतले लोक काय म्हणतील? दहा वर्षं एल्मोनीझचं मीठ खाल्लं पोरीनं, अन् डोळ्यात टिपूस नाही. म्हणतील, लेकबिक काही नव्हती. रेस्तावेक होती."

ब्रॉक्टनच्या बहिणींनी कपात तोंड घातलं.

रेस्तावेक म्हणजे गरिबाचं पोर, परक्याच्या घरी राबायला ठेवलेलं. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर जेवायचं, आणि घरातल्या कुत्र्यापेक्षा एक पायरी खाली झोपायचं. हा शब्द शिवीसारखा फेकून मारायचा असतो, आणि मिमोझचा नेम चुकत नसे.

विस्लीन एल्मोनीझच्या पोटची नव्हती हे खरंच. एल्मोनीझ तिची मारेन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला देवासमोर हातात धरलेली, देवाच्या साक्षीनं आई झालेली बाई. विस्लीनची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एल्मोनीझ बॉस्टनहून जेरेमीला आली आणि पोरीला घेऊनच परतली. बॉस्टनमधल्या मॅटापनच्या या तिसऱ्या मजल्यावर तिनं पोरीला स्वतःचा पलंग दिला आणि आपण सोफ्यावर झोपली. दिवसभर ती वृद्धाश्रमात गोऱ्या म्हाताऱ्यांची अंगं पुसायची, संध्याकाळी घरी येऊन चर्चमधल्या ओदिलोनकाकांनी रविवारी गाऊन सांगितलेला उपदेश गात गात भांडी घासायची. सूर बेताचा होता. देवाला चालत होता.

आणि रडण्याचं म्हणाल, तर हॉस्पिटलात डॉक्टरचं इंग्रजी सगळ्यांना समजावून सांगायला विस्लीनच होती. एल्मोनीझ गेली हे डॉक्टरनं तिला सांगितलं. तिनं मागे वळून ते क्रेओलमध्ये, हैतीच्या घरच्या बोलीत, सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी टाहो फोडला, प्रश्न विचारले. तिनं प्रश्न इंग्रजीत नेले, उत्तरं क्रेओलमध्ये आणली. ती बातमी स्वतः ऐकायला मात्र तिला अजून फुरसत मिळाली नव्हती.

"ऐक," मिमोझचा आवाज आता मध लावल्यासारखा झाला. "चर्चमधून कब्रस्तानात जायला पहिली गाडी काळी, लांब. फक्त घरच्यांसाठी. पडलीस, तर माझ्या शेजारी बसशील, लेक म्हणून. नाही पडलीस, तर मागे कॉफीची व्हॅन आहेच. तिथेही माणूस लागतंच की थर्मास धरायला. तुझं तू ठरव."

विस्लीनला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोला? त्या काळ्या गाडीच्या गादीवर बसून जगाला दाखवावं, की मी हिची होते, ही माझी होती, असं तिला फार वाटत होतं. म्हणून मयताच्या सकाळी न्हाणीघराचं दार लावून तिनं गुडघे टेकून बघितले. "मारेन!" अशी हाक मारून बघितली. आरशात टीव्हीवरच्या मालिकेतली बाई दिसली. ती उठली आणि तोंड धुऊन मोकळी झाली.

दुसरीकडे तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी कार्ड पाठवलं होतं. त्यावर एक पिवळं फूल आणि 'खंबीर राहा' असा छापील निरोप. एकीनं फोनवर विचारलंही, "मयत किती वाजता संपेल? मग पिक्चरला येशील?" इंग्रजीत दुःखाला दोन शब्द पुरतात, तिसऱ्याला लोक घड्याळ बघतात. इकडे पडा, तिकडे खंबीर राहा. बाकीचं शहाणपण पोरीनं कुठून आणावं?

चर्च फर्निचरच्या जुन्या दुकानावर होतं, ब्लू हिल रस्त्याला. हीटरचे पाइप आतून कुणी हातोडी मारत असल्यासारखे वाजत होते. पास्टर वाल्सैंत फ्रेंचमध्ये बोलले. निम्म्या लोकांना ते कळलं नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना कळल्यासारखं दाखवता येत होतं. एल्मोनीझला फ्रेंचमधलं नमस्काराच्या पलीकडे काही येत नव्हतं, पण तिच्या पेटीसमोर भाषा मात्र साहेबी हवी! जिवंतपणी जिला कुणी बसायला खुर्ची दिली नाही, तिला मेल्यावर सिंहासन.

ओदिलोनकाका पहिल्या रांगेच्या टोकाला टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ऐंशीकडे झुकलेले, कोटाच्या बाह्या आखूड झालेल्या. त्यांच्या उपदेशासाठी एल्मोनीझ रविवारची जादा पगाराची पाळी सोडून यायची. आणि का येऊ नये? ते एक ओळ बोलत, दुसरी गात आणि तिसरी लोकांच्या तोंडात देत. पायानं ठेका धरत, आणि बघता बघता अख्खं चर्च त्या ठेक्यावर चालायला लागे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही वाटे, की अब्राहाम आपल्याच गल्लीत राहायचा आणि त्याच्याकडे आपली उठबस होती. गाऊन सांगितलेला देव गळ्यात राहतो, वाचून दाखवलेला कागदावर. कार्यक्रमात काकांचं नाव होतं. पण पास्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मिमोझनं कॅमेऱ्याकडे, आणि काकांना सांगण्यात आलं, की आज वेळ नाही, पुन्हा कधीतरी. पुन्हा कधी? बाई काय दर आठवड्याला मरणार होती?

मग मिमोझ उठली. पेटीपाशी गेली, दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "एल्मोनीझ! मला कुणाच्या भरवशावर टाकलंस गं!" पांढऱ्या कपड्यातल्या सेविका सरावलेल्या. एकीनं तिच्या पायातले बूट आधीच काढून घेतले, दुसरीनं पाठीमागून काखेत हात घातले, आणि मिमोझ गालिच्यावर अशी अलगद पडली, की पिसानं लाजावं.

पण कॅमेरावाला जोनास नेमका पिशवीत डोकं खुपसून बॅटरी बदलत होता.

मिमोझनं एक डोळा किलकिला केला. जोनासची पाठ बघितली. मग ती उठली, स्कर्ट झटकला आणि शांतपणे जाऊन आपल्या खुर्चीत बसली. चर्चमध्ये कुणाला काही कळेना. दोन बायांनी तिला पाणी दिलं. जोनासनं बॅटरी बसवली, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि अंगठा वर केला. तशी मिमोझ पुन्हा उठली, पुन्हा पेटीपाशी गेली, पुन्हा हात वर केले. "एल्मोनीझ! मला कुणाच्या भरवशावर टाकलंस गं!" तीच जागा, तेच वाक्य, तोच सूर. बूट तेवढे या खेपेला आधीच निघालेले. ब्रॉक्टनच्या दोघीही मागोमाग आडव्या झाल्या, आणि एकीचा विग उडून फुलांच्या चक्रावर जाऊन बसला.

विस्लीननं ओठ आवळले. तोंडावर हात दाबला. खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बोटांच्या फटीतून असा एक आवाज निघाला की सगळं चर्च वळलं.

"धरा! पोरीला झटका आला!"

चार सेविका धावल्या. एकीनं तिचे बूट ओढले, दुसरीनं नाकाशी स्पिरिटचा बोळा धरला, तिसरीनं कमरेला मिठी मारली.

"अहो, सोडा मला! मी काही..."

"बोल बाळा, बोल. आत ठेवू नकोस."

"अहो, मी हसतेय!"

"दुःखानं डोकं फिरलंय गं लेकराचं! पाणी आणा!"

जोनासचा कॅमेरा झटक्यात तिच्याकडे वळला. मागच्या रांगेतल्या बायांनी छाती बडवली. "बघा, पोटची नाही, पण हीच खरी लेक. बाकीच्या पडल्या, हिला मात्र झटका आला!" विस्लीन जितकी सुटायला धडपडली, तितकं लोकांना ते पटत गेलं.

चर्चच्या दाराशी मिमोझ विगच्या पिना नीट करत तिची वाट बघत होती. चेहरा असा खुलला होता की घरात लग्न आहे की मयत, परक्याला कळू नये.

"कार्टे! येत नाही, येत नाही म्हणत होतीस, आणि सगळ्यांच्या वरताण केलंस! जेरेमीत लोक खुर्च्या सोडून उठतील. चल, बस."

काळ्या गाडीचं दार उघडं होतं. आतून ऊबदार वारा येत होता, गादी मखमलीची होती. बाहेर नाकाचं टोक बधिर होईल अशी थंडी होती. विस्लीनचा हात दारावर होता. नुसतं वाकायचं आणि बसायचं. खोटं ती बोलली नव्हतीच, लोकांनीच तिच्या तोंडी घातलं होतं. पण या गादीवर बसायचं म्हणजे जन्मभर मारेनची लेक ठरायचं ते एका हसण्याच्या जोरावर. आणि ती काळ्या पेटीत निजलेली बाई, जिनं कधी कुणाचं फुकट घेतलं नाही, तिला काय तोंड दाखवायचं?

"मावशी, मी हसत होते."

"काय?"

"तुम्ही दुसऱ्यांदा पडलात ना, तेव्हा मला हसू आवरेना."

मिमोझनं आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं का ते. मग हळूच म्हणाली, "बरं, झालं ते झालं. कुणाला सांगू नकोस. बस आत."

"सेविकांना सांगितलं. विश्वास नाही बसला त्यांचा. आता पास्टरांना सांगते, म्हणजे बसेल."

मिमोझच्या चेहऱ्यावरचं लग्न उतरलं. "म्हणजे जात दाखवलीसच," ती म्हणाली. "व्हॅनमध्ये जा. आणि थर्मास सांडू देऊ नकोस."

काळी गाडी निघाली. विस्लीन कॉफीच्या व्हॅनमध्ये दोन थर्मासांच्या मधे बसली. समोर ओदिलोनकाका होते. त्यांनाही दुसऱ्या कुठल्या गाडीत जागा झाली नव्हती. त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं.

"बूट कुठेत तुझे?"

"सेविकांकडे राहिले."

काकांनी गळ्यातला मफलर काढून तिच्या पायांना गुंडाळला. कब्रस्तान आलं तसं व्हॅनवाल्यानं सीटखालचे आपले रबरी बूट काढून दिले. दोन माप मोठे होते.

कब्रस्तानात बर्फाचे ढीग बाजूला सारलेले. खड्ड्याभोवती हिरवा गालिचा अंथरलेला, म्हणजे माती दिसायला नको, आणि पेटी पट्ट्यांवर तोललेली. पास्टरांनी थंडीला साजेशी, म्हणजे आखूड, प्रार्थना म्हटली. मग काळ्या कोटातला अंत्यविधीचा व्यवस्थापक पुढे आला आणि दात दाखवून म्हणाला, "आपले आभार. आता सर्वांनी गाड्यांकडे चलावं."

लोक वळले. काकांनी विस्लीनला विचारलं, "काय म्हणाला तो? खाली कधी सोडणार?"

"आपण गेल्यावर, काका."

"गेल्यावर? मग बघणार कोण?"

जेरेमीत गवंडी कबरीची शेवटची वीट बसवून तिच्यावरून हात फिरवत नाही तोवर कुणी पाय हलवत नाही. माणूस वाटेला लावायचं म्हणजे नीट लावायचं. अर्ध्या वाटेत सोडून यायला ते काय बसचं पार्सल आहे?

"मावशी," विस्लीननं हाक मारली, "मारेनला खाली सोडायच्या आधी निघालात?"

मिमोझ गाडीपाशी पोचलीसुद्धा होती. "हे काय जेरेमी आहे? इथली पद्धत आहे ही. मागासल्यासारखं करू नका. भात गार होतोय तिकडे."

ही मिमोझ! पडताना जेरेमीची, उभं राहताना बॉस्टनची. दोन्ही देशांतलं जे फुकटचं तेवढं तिनं उचललं होतं, आणि ज्याला थंडीत उभं राहावं लागतं ते दोन्हीकडे टाकून दिलं होतं. तिच्या मागोमाग ब्रॉक्टनच्या बहिणी गेल्या, पास्टर गेले, जोनासनं कॅमेरा पिशवीत भरला. ज्याची फिल्म निघत नाही ते दुःख करायला कुणाला वेळ होता?

विस्लीन त्या मोठ्या बुटांत फतक फतक करत व्यवस्थापकासमोर गेली.

"पेटी आत्ता उतरवा. आम्ही बघणार आहोत."

"मॅडम, सुरक्षेचा नियम आहे..."

"दाखवा कुठे लिहिलाय."

"लिहिलेला असा नाही. आमची पद्धत आहे."

"मग माझीही आहे. मी इथे उभी राहते. तुम्ही उद्या उतरवणार असाल तर उद्यापर्यंत."

हे इंग्रजी तिनं दहा वर्षं कचेऱ्यांच्या खिडक्या-खिडक्यांवर मारेनसाठी बोलून कमावलेलं होतं. आवाज चढवायचा नाही, जागा सोडायची नाही. व्यवस्थापकानं तिच्याकडे, मग तिच्या बुटांकडे बघितलं.

"आपण त्यांच्या कोण?"

"मुलगी," ती म्हणाली.

हा शब्द तिनं आजवर तोंडानं उच्चारला नव्हता. तिला वाटलं, आता हा पुरावा मागेल. रडून दाखव म्हणेल, पडून दाखव म्हणेल. त्यानं नुसती मान हलवली आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या दोघांना हात केला. जे तिची माणसं तिला द्यायला तयार नव्हती, ते या कोरड्या माणसानं काही न विचारता दिलं. त्याला पर्वा नव्हती म्हणून दिलं, हेही खरं.

पट्ट्या करकरल्या. पेटी खाली जायला लागली. आणि काकांनी टोपी काढली, पायानं बर्फावर ठेका धरला आणि चर्चमध्ये जे गाऊ दिलं नव्हतं ते सुरू केलं.

"प्रभूच्या कबरीपाशी पेत्र आला. वाकला, बघितलं... पेत्र कुठे गेला?"

उपदेश गाणारा प्रश्न टाकतो तेव्हा कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. नाहीतर ओळ हवेत लटकून राहते. विस्लीननं इकडेतिकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतं, आणि उत्तर तिला मारेनच्या भांडी घासतानाच्या गाण्यातून पाठ होतं.

"घरी गेला," ती म्हणाली.

"योहान आला, पळत पळत आला. बघितलं... योहान कुठे गेला?"

"घरी गेला!"

"शहाणे गेले, शिष्य गेले, वचनं देणारे सगळे गेले. मग कबरीपाशी राहिलं कोण?"

"बाई राहिली!"

"मोठ्यानं सांग, तिला ऐकू जाऊ दे खाली! कोण राहिलं?"

"बाई राहिली!" तिचा आवाज फाटला, सूर कुठच्या कुठे गेला. ती रडत होती की नाही हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्या थंडीत डोळ्यांना पाणी येतंच. पण पट्ट्या सैल झाल्या, पेटी तळाला टेकल्याचा तो जड आवाज आला, आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरचं वाक्य तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. एकाच भाषेत, आणि फक्त तिला.

मागे गाडीचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. मिमोझनं काच खाली केली.

"अगं ए! पाहुणे जेवणाच्या हॉलवर पोचले सगळे! त्या काळ्या अळंबीच्या भाताची पातेली तशीच पडलीत! वाढणार कोण?"

विस्लीननं गालिच्याची कड उचलली, त्याखालचं गोठलेलं ढेकूळ हातात घेतलं आणि वळूनही न बघता म्हणाली,

"शेजारणींना सांगा, मावशी. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरच्यांनी आज वाढायचं नसतं."